तिबुर्सियोच्या मापाचा देव्हारा

डोन्या ओतिलियाच्या नवसाचा सहावा दिवस होता आणि सुतार डॉन एलेउतेरियो दारात उभा होता. खांद्यावर कापडात गुंडाळलेली पेटी, चेहऱ्यावर मोठं काम हातावेगळं करून आलेल्या माणसाचा प्रसन्नपणा. तो प्रसन्नपणा पाहूनच काहीतरी बिघडलंय हे ओतिलियाने ओळखलं.

नवस असा होता की नऊ दिवस कुणाला लागेल असा शब्द तोंडातून काढायचा नाही. जनावरांचा सांभाळ करणाऱ्या संत अंतोनियोपुढे मेणबत्ती लावून गेल्या शुक्रवारी तिने तो बोलला होता. त्याला कारण आदल्या दिवशीचं. त्या गुरुवारी भर थांब्यावर तिने बसच्या ड्रायव्हरला जे सुनावलं होतं, ते रोज पहाटे चर्चची पायरी चढणाऱ्या बासष्ट वर्षांच्या बाईला शोभणारं नव्हतं.

पण तिचंही चुकलं होतं असं नाही. तिबुर्सियो, तिचा पिवळ्या डोक्याचा पोपट, उपाशी मरत होता. एकतीस वर्षांचा पक्षी. ती जपमाळ ओढायला बसली की खुर्चीच्या पाठीवर बसून चुकीच्या जागी आमेन म्हणणारा. दोन महिन्यांपासून त्याची वरची चोच वाढत गेली होती आणि आता ती आकड्यासारखी खालच्या चोचीवरून गळ्याकडे वळली होती. दाणा फुटत नव्हता. ओतिलिया मक्याचं पीठ दुधात कालवून चमच्याने भरवायची, त्यातलं निम्मं छातीवर सांडायचं. त्या छातीचं हाड बोटाला सुरीच्या पाठीसारखं लागत होतं. चोच घासून देणारी, पाखरांमधलं खरंच काही कळणारी डॉक्टरीण वेराक्रूस बंदरावर फक्त गुरुवारी बसायची. अमातित्लान गावाहून बसने दोन तास. बसचा नियम एवढाच की जनावर बंद पेटीत हवं आणि पेटी मांडीवर मावायला हवी.

एवढीशी गोष्ट. पोपटाच्या मापाची एक पेटी. पण गावात ज्याच्या त्याच्या मनात पोपटाचं माप वेगळं होतं.

पहिली पेटी आणली भाच्याने. विल्फ्रिदोचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे कुठलीही वस्तू मोठी असली की चांगली असं त्याचं मत. त्याने कुणाचा तरी शिकारी कुत्रा ज्यातून आला होता तो प्लास्टिकचा खोका उचलून आणला. एवढा कशाला, असं ओतिलियाने विचारलं, तर तो म्हणाला, "आत्या, त्याला पंख पसरायला नकोत का? दोन तास अंग चोरून बसायचं म्हणजे काय."

तिबुर्सियोने पंख पसरले. घरापासून थांब्यापर्यंतच्या वाटेत खोका डुलला की तो घाबरून फडफडायचा, एका भिंतीवर आपटायचा, घसरत दुसऱ्या भिंतीशी जायचा. थांब्यावर पोचेपर्यंत एक पीस मोडून रक्त आलं होतं. ड्रायव्हरने खोक्याकडे पाहिलं आणि खाली सामानाच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. त्या कप्प्यात दुपारी हात घातला तर भट्टीत घातल्यासारखं वाटतं. ओतिलिया त्याला जे बोलली ते बोलली. बस गेली. गुरुवार गेला.

मग नवस सुरू झाला आणि खरी परीक्षाही. दुसऱ्याच दिवशी शेजारचा डॉन पान्फिलो त्याच्या झुंजीच्या कोंबड्यांची लाकडी पेटी घेऊन आला. ह्या पेटीतून गेलेला कोंबडा कधी हरून परत आलेला नाही, असं त्याने छाती काढून सांगितलं. हरलेला परत येतच नाही, त्याचा रस्सा होतो, असं त्याच्या बायकोने कुंपणापलीकडून सांगितलं. पेटी कोंबड्याच्या अंगाला चिकटून बसेल अशीच केलेली होती, कारण झुंजीआधी कोंबड्याने हलून दमायला नको. आत बसायला काडी नाही, उजेड नाही. तिबुर्सियोला आत ठेवलं तर मान सरळ होईना. तो कोपऱ्यात पोटावर बसला, डोळे मिटले आणि थरथरायला लागला. ओतिलियाने त्याला लगेच बाहेर काढलं. पण तोंडावर नवसाचं कुलूप. ती म्हणाली, "फार उपकार झाले, डॉन पान्फिलो." त्याने त्याचा अर्थ पेटी पसंत पडली असा घेतला आणि पुढचे दोन दिवस, पक्षी कसा बसतोय, हे विचारायला तो सकाळ-संध्याकाळ येत राहिला.

रविवारीच ती सुताराकडे गेली. दवाखान्यातल्या मुलीला फोन करून तिने सगळं नीट विचारून घेतलं होतं आणि तेच शब्दाला शब्द त्याला सांगितलं. पक्षी ताठ उभा राहायला हवा. त्याला जागच्या जागी वळता यायला हवं. शेपटी कुठे घासायला नको. पण फडफड करता येईल एवढी मोकळीक नको, नाहीतर इजा होते. काडी तळापासून चार बोटांवर, त्याहून उंच नाही. आणि सगळं माझ्या मांडीवर बसायला हवं.

डॉन एलेउतेरियोने ऐकून घेतलं, म्हणजे ऐकून घेतल्यासारखा चेहरा केला. गावातल्या निम्म्या घरांतले संत त्याने केलेल्या देव्हाऱ्यांत उभे होते. तो माप घ्यायला घरी आला, दोरी काढली आणि तिबुर्सियोच्या डोक्यापासून पायापर्यंत धरली. गाठ मारली. दोरी खिशात.

"आणि शेपटी?" ओतिलियाने विचारलं.

"डोन्या, झग्याचा घोळ मापात धरत नाहीत," तो म्हणाला. "डोकं ते पाय. वर चार बोटं हवा. छत्तीस वर्षं हेच करतोय."

तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण तो नवसाचा तिसराच दिवस होता. "तुम्हाला ठाऊक," एवढं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने रागारागाने तीन दिवसांची केळी एकदम तळून टाकली.

तर आता बुधवारची दुपार होती आणि तो दारात होता. पेटी सोमवारी मिळणार होती. त्याने ती टेबलावर ठेवली आणि एखाद्या मूर्तीचं वस्त्र उतरवावं तसं कापड उतरवलं.

सुंदर होती, यात वाद नाही. देवदाराचं लाकूड, दोन वीत उंच, दीड वीत रुंद. वरून कमान, कमानीला कोरलेली वेलबुट्टी, टोकावर बोटाएवढा क्रूस. पुढे काचेचं दार. आत एक चौथरा आणि चौथऱ्यावर काचेला समांतर बसवलेली गुळगुळीत काडी. खोली मात्र एकच वीत. हवेसाठी मागच्या फळीला चार भोकं.

"आत बसला की लोकांकडे तोंड राहील," तो म्हणाला.

ओतिलियाने तिबुर्सियोला हातावर घेतलं आणि आत बसवलं. त्याची वाकडी चोच काचेला टेकली. शेपटी मागच्या फळीला लागून वर मुडपली. वळायला त्याने एक पाय उचलला, चौथरा आड आला, तो घसरून काच आणि चौथऱ्याच्या मधल्या फटीत उभाच अडकला. एक डोळा काचेतून ओतिलियाकडे. ओरडलासुद्धा नाही. ओरडायचं त्राणच नव्हतं.

डॉन एलेउतेरियो हात मागे बांधून कौतुकाने पाहत होता. "सवय होईल त्याला," तो म्हणाला.

ओतिलियाने पक्ष्याला सोडवलं, छातीशी धरलं, आणि त्या सुरीसारख्या हाडाखाली काळीज किती भरभर चाललंय ते तिच्या तळव्याला लागलं. नवस तिथेच संपला.

"डॉन एलेउतेरियो, तुमच्या देवांना पाठ नसते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण दाराशी निजलेली मांजर उठून गेली. "भिंतीला लावून ठेवायचे असतात, मागून रंगसुद्धा देत नाही तुम्ही. ह्याला पाठ आहे. पाठीमागे शेपटी आहे. पुढे चोच आहे, ती घेऊन मला उद्या सकाळी बंदरावर जायचंय, आणि हा उद्या गेला नाही तर पुढचा गुरुवार हा बघणार नाही. मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं. तुम्ही काही ऐकलं नाही."

"माझ्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नाही."

"लाकडाची गिऱ्हाइकं तुमची. ती काय बोलणार?"

सुताराचा चेहरा पडला. आणखी बरंच ती बोलली. ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि शनिवारी तिने ते पाद्रीबाबांपाशी कबूल केलं. बोलता बोलता तिने देव्हारा उचलला. रागाने आपटणारच होती, पण हातात तो आडवा झाला आणि ती थांबली. कुशीवर निजवलेला देव्हारा दोन वीत लांब होता, दीड वीत उंच. तिने तिबुर्सियोला त्याच्यापुढे टेबलावर ठेवलं, चोच एका टोकाकडे, शेपटी दुसऱ्या. दोन्हीकडे जागा उरत होती.

"असाच," ती म्हणाली. "आडवा."

"देव्हारा आडवा?" डॉन एलेउतेरियोच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि क्रूस?"

 लोळलेला क्रूस मांडीवर घेऊन दोन तास बसणं तिच्याच्यानेही होणार नव्हतं. तिने कमानीचं टोक चाचपलं. क्रूस खुंटीने बसवलेला होता. तिने तो हलकेच ओढून काढला, ओठांना लावला आणि रुमालात गुंडाळून त्याच्या हातात दिला. हा तुमच्या घरी ठेवा, म्हणाली, आणि येताना करवत आणा.

सुतार गेला तेव्हा तो परत येईल अशी तिला खात्री नव्हती. पण आपलं काम कुणीतरी स्वयंपाकाच्या सुरीने उचकटतंय हे त्याला सहन होण्यातलं नव्हतं. अर्ध्या तासात तो हत्यारं घेऊन हजर. संध्याकाळपर्यंत तो काम करत होता आणि पुटपुटत होता. चौथरा काढला. काच काढून तिथे तिच्या जुन्या फडताळाची जाळी ठोकली, दाराला मागेपुढे सरकणारी कडी. कमान आता एका अंगाला गेली होती, तिथे पेटी डुगडुगायची, म्हणून खाली फळी मारून तळ सपाट केला. काडी आडवी लावायची वेळ आली तेव्हा त्याने पुन्हा दोरी काढली. ओतिलियाने ती त्याच्या हातातून घेतली, चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत धरली, गाठ मारून परत दिली.  काडी तळापासून चार बोटांवर बसली.

तिबुर्सियो आत गेला. काडीवर चढला, मान ताठ केली, सावकाश वळला, पुन्हा वळला. शेपटी कुठे लागली नाही. अर्धवट पंख उचलून पाहिला, जाळी जवळ आहे हे कळल्यावर मिटून घेतला, आणि एक पाय पोटाशी घेतला.

गुरुवारी ड्रायव्हर तोच होता. ओतिलियाने मागच्या वेळच्या बोलण्याची माफी मागितली, त्याने मांडीवरच्या पेटीकडे पाहून मान हलवली. शेजारच्या सीटवरच्या बाईने वेलबुट्टी पाहून भक्तिभावाने विचारलं, आत कोणते संत आहेत. आतून शिटेचा वास आला तेव्हा ती पुढच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसली. वळणावर, खड्ड्यावर पेटी हलली, पण पक्षी हलला नाही. काडी घट्ट धरून बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी त्याला टॉवेलात गुंडाळून चोच घासली, कापली, पुन्हा घासली. आठवडाभर उशीर केलात, म्हणाल्या, आणखी एक झाला असता तर मला आणू नका म्हणावं लागलं असतं. मग त्यांनी पेटी उचलून इकडून तिकडून पाहिली. अगदी हवी तशी आहे, लोक एकतर कुत्र्याची आणतात नाहीतर चपलांचं खोकं. कुणी केली? ओतिलियाने क्षणभर विचार केला. खोटं तर बोलता येत नव्हतं. तिने सुताराचं नाव सांगितलं, आणि सांगताना तिचं तोंड कडू झालं.

परतीच्या वाटेवर मांडीवरच्या पेटीतून करकर ऐकू येऊ लागली. आधी तिला वाटलं बसचंच काही असेल. अमातित्लानला उतरली तर थांब्यावर डॉन एलेउतेरियो टोपी हातात घेऊन उभा. डॉक्टरीण मापाबद्दल काय म्हणाली, हाच त्याचा पहिला प्रश्न. बरोबर आहे म्हणाल्या, असं तिने सांगितलं.

"मी काय सांगत होतो," तो म्हणाला.

ओतिलिया जाळीतून आत पाहत होती. तिबुर्सियो तळाला उभा होता. नव्या चोचीने त्याने काडीचे दोन तुकडे केले होते, मधला भाग भुसा होऊन त्याच्या पायाशी पडला होता, आणि आता तो मन लावून कमानीतली वेलबुट्टी सोलत होता. आज दुपारी दवाखान्यात त्याने अकरा दाणे फोडून खाल्ले होते. तिने मोजले होते.

सुताराने वाकून पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "नवी काडी लागणार. सकाळी माप घ्यायला येतो."

"माप मी देईन," ओतिलिया म्हणाली, आणि पेटी दोन्ही हातांत धरून घराकडे चालू लागली.