बारावीनं घडवलेला सत्तावीस हजार सातशे वीस

मी सत्तावीस हजार सातशे वीस बोलतोय. हसू नका, आकड्यालाही आई असते. माझी आई बटणांच्या कारखान्यात कामाला आहे. सगळे तिला मावशी म्हणतात.

झालं असं, एका गिऱ्हाइकाला निळी बटणं हवी होती. पण एका कार्डावर किती टाचायची, ते त्याचं ठरेना. आज म्हणे आठ, उद्या म्हणे नऊ. मालक वैतागले. "एक ते बारा, कशानंही भागेल एवढा माल करून ठेवू," असं म्हणून ते एक ते बारा आकडे एकमेकांत गुणत सुटले. उत्तर आलं सत्तेचाळीस कोटींच्या वर!

"मालक, एवढी बटणं लावायला जगात सदरे तरी आहेत का?" मावशी म्हणाली. तिनं खडू घेतला आणि कपाटाच्या दारावर आठ, नऊ, पाच, सात आणि अकरा एवढेच गुणले. "आठात दोन-चार आले, नवात तीन आला. सहा, दहा, बारा आपोआप बसतात."

आणि मी अवतरलो! एकपासून बारापर्यंत कुणीही यावं, मला वाटून घ्यावं, मागे काही उरत नाही. माझ्याहून लहान असा दुसरा दाखवा, नाव बदलीन. तेराशी मात्र माझं पटत नाही, चार बटणं उरतात. असू दे. प्रत्येक घरात असा एक पाहुणा असतोच.

यंत्रानं मोजून बटणं पेटीत टाकली. बारा जणींनी ती आठ-आठ टाचली, तर शेवटच्या कार्डावर सातच. उसवून नऊ-नऊ टाचली, शेवटी आठ. अकरा-अकरा टाचली, शेवटी दहा. अहो, मी तिथं नव्हतोच! माझ्या जागी माझा एकानं कमी असलेला शेजारी अंग चोरून बसला होता.

पेटी मावशीच्या ताब्यात. मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नका, मावशी. अकरा जणी पुरेत. तुमचाच आकडा आहे, अकरांतही भागतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्याच गुणापायी माझ्या आईची भाकरी जाणार!

"जाते," मावशी म्हणाली. "पण कशीही टाचा, दर वेळी कमी एकच. चोर मूठ भरून नेतो, मालक. एकच बटण कोण नेतं? ज्याचं एकच तुटलंय तो."

अकरा जणींनी आपापल्या कपड्यांकडे पाहिलं. मालकांचा हात मात्र पोटावर गेला. तपकिरी कोटाच्या मधोमध एक निळं बटण!

"सकाळी तुटलं होतं," ते पुटपुटले. "पेटी उघडी दिसली. म्हटलं, एकानं काय होतंय!"

एकानं काय होतं, ते मला विचारा.

मावशीनं कात्री घेतली, बटण काढून शेवटच्या कार्डावर टाचलं आणि माझ्या जिवात जीव आला. मग डब्यातलं एक काळं बटण शोधून तिनं मालकांच्या कोटाला लावून दिलं. "श्वास आत घ्या मालक, नाहीतर हेही तुटायचं." बारा जणी हसल्या. तेरावे मालकही.

माल केव्हाच गेला. मी अजून त्या दारावर खडूनं लिहिलेला आहे. रंगारी आला तेव्हा मालकांनीच त्याला तेवढी फळी सोडायला लावली. मावशी माझ्यासमोर बसून बटणं टाचते, आणि मी तिचे उपकार आठवत राहतो.

तुम्हाला एकच सांगणं. कुणाला वगळायचं असेल, तर माझा दाखला देऊ नका. मी अकरांत भागतो, खरंय. पण मला घडवलं ते बारावीनं.