पीकपाहणी

"पडीक जमिनीला पंप कशाला हवा, बाई?" कारकुनानं अर्ज टेबलावरून परत सरकवला. "सातबाऱ्यावर 'पड' लिहिलंय. अनुदान कसणाऱ्याला मिळतं."

"मंग मी काय करते?" पुतळाबाईनं विचारलं. "काल टेशनावर भेंडी विकली, ती काय आभाळातून पडली?"

"ते तलाठ्याला विचारा."

बोरीवलीला खाडीच्या अंगाला तिचं पाऊण एकर होतं. चहूकडे सोसायट्या उठल्या होत्या. नवरा भिकाजी दोन वर्षांपूर्वी गेला आणि पाठोपाठ विहिरीवरचं जुनं इंजीनही बंद पडलं. निम्मे पैसे सरकार देतं असं कळल्यावर तिनं पंपासाठी अर्ज केला होता.

तलाठ्यानं खरं ते सांगून टाकलं. "तुमच्या दिरानं सांगितलं, पीक नाही म्हणून. मी तसं लिहिलं."

"तुम्ही बघाया आलेलात?"

तलाठ्यानं वही मिटली.

पुतळाबाई तडक दिराच्या, अनंताच्या दारात जाऊन उभी राहिली. त्यानं नजर चुकवली नाही. "वयनी, बिल्डरला आपली दोघांची जमीन एकत्र हवीय, तो थांबायचा नाय. तू विक्रीच्या कागदावर सही दे. मी उद्या तलाठ्याला सांगून तुझी नोंद करून देतो."

"जमीनच इकल्यावर पंप काय घरात लावू?"

"हट्ट सोड. एकटी बाई तू, कशी शिंपणार?"

"ते तू बघच आता," ती म्हणाली आणि वळली.

तिनं आळवाचा वाफा सोडून दिला, भेंडी आणि वांगी तेवढी धरली. पहाटेपासून विहिरीवर उभी राहून ती पाणी शेंदायची. तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. दर सोमवारी भाजी विकून झाली की ती तलाठ्याच्या बाकावर जाऊन बसे. "पाहणीला कधी येता?" एवढंच विचारी आणि कचेरी बंद होईपर्यंत हलत नसे.

एप्रिलमध्ये एका सकाळी विहिरीवर सुगंधा आली. अनंताची बायको. पदर खोचून तिनं दोराला हात घातला.

"अगं, अनंताला कळलं तर?"

"कळू दे. लगीन होऊन आले तवा पयली भाजी तुम्हीच खुडाया शिकवलीत," सुगंधा म्हणाली. "ओढा."

मेच्या मध्यावर तलाठी एकदाचा आला. अनंताही मागोमाग हजर झाला. उन्हानं भाजून निघालेल्या जमिनीत ते हिरवे वाफे पाहून तलाठ्यानं टोपी काढून घाम पुसला.

"दोन दिवसांपूर्वी रोपं आणून लावलीत," अनंता म्हणाला.

पुतळाबाईनं एक वांगं देठासकट तोडून तलाठ्याच्या हातात दिलं. "दोन दिवसांत एवढं होतं काय, सायब?"

तलाठ्यानं वही उघडली. "पंच म्हणून सही कोण करणार? शेजारचा कुणी?"

बघायला जमलेल्या शेजाऱ्यांतलं कुणी पुढे येईना. अनंताशी वाकडं कोण घेणार?

"मी करते," विहिरीजवळ उभी सुगंधा म्हणाली.

"सुगंधे!"

"चवथीपर्यंत शिकलेय मी. सही येते मला." नवऱ्याकडे न बघता तिनं पेन घेतलं आणि एकेक अक्षर सावकाश काढलं. अनंता तरातरा निघून गेला. घरी काय वाढून ठेवलंय हे दोघी जावांना ठाऊक होतं. पुतळाबाईनं तिचा हात घट्ट धरला.

तलाठ्यानं 'पड' खोडलं. वर लिहिलं: भेंडी, वांगी. कसणारी, पुतळाबाई भिकाजी. त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मग जरा चाचरत म्हणाला, "पण बाई, अनुदानाची यादी मार्चअखेर बंद झाली. यंदा पंप नाही मिळायचा."

पुतळाबाईनं फोड फुटलेल्या तळव्यांकडे पाहिलं.

"नसू दे. पुढल्या साली परत अर्ज करीन. आता 'पड' म्हनायची कुनाची छाती हाय बघते."

तलाठी मान हलवून निघाला. रस्ता गाठायला त्यानं वाफ्यात पाय टाकला.

"ओ सायब! पीक हाय तिथं. बांधावरून जा."

तलाठी थबकला. पाऊल मागे घेतलं आणि वही काखेत धरून, तोल सावरत, सगळ्या शेताला वळसा घालून बांधावरून गेला.