कातडीच्या रंगाचा हातमोजा

माझा धाकटा भाऊ मलाकी बेसबॉल खेळायचा आणि त्याचा पगार घ्यायचा. चेंडू झेलायचे कुणी पैसे देतं, हे आईला मरेपर्यंत पटलं नाही.

तो कॅचर. फलंदाजाच्या मागे उभं राहून सुसाट आलेला चेंडू उघड्या हातांनी पकडायचा; तेव्हा हातमोजा घालायची रीतच नव्हती. बोटं इतकी वाकडी झाली होती की प्रार्थनेला हात जोडले तरी जुळायचे नाहीत. डॉक्टर म्हणाला, आणखी एक फटका बसला तर हात गेलाच समज. हात गेला की खेळ गेला, आणि मग परत चामडं कमावायच्या हौदावर. तिथंच आमचा बाप खोकून खोकून मेला होता.

आणि मी ग्लोव्हर्सव्हिल या हातमोज्यांच्या कारखान्यांच्या गावची, दिवसभर परक्यांचे हातमोजे शिवणारी. सख्ख्या भावाचे हात मात्र उघडे.

"घाल की रे मेल्या," मी म्हणायचे.

"अगं ऑनोरा, पुरुषासारखा पुरुष हातमोजा घालून झेलतो का? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. बोटं तरी राहतील."

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी हरणाच्या कातड्याचा मोजा शिवला, आत गादी घालून, अगदी त्याच्या कातडीच्या रंगाचा. लांबून कळायचा नाही. कुरकुरत का होईना, त्याने घातला.

निम्मा सामना निभावला. मग घामाने कातडं काळं पडलं आणि समोरच्या संघाचा कॅचर पर्डी ओरडला, "काय मलाकीबाई, हातमोजा घालून लग्नाला निघालात?" सगळं मैदान खदखदलं. माझ्या वेड्याने मोजा उपसून फेकून दिला. मी बाकावरून 'नको रे, नको' म्हणत राहिले, तो बघेना. पुढच्याच चेंडूने अंगठ्याचं हाड बाहेर आलं. तरी मातीने भरलेल्या जखमेवरच रुमाल गुंडाळून गडी शेवटपर्यंत खेळला. त्यातून धनुर्वात झाला. दातखीळ बसली, पाणीसुद्धा आत जाईना. डोळे उघडे ठेवून गेला माझा भाऊ.

काही वर्षांनी पर्डी आमच्या कारखान्यात आला, टोपी हातात धरून.

"बाई, तसला एक मला शिवून द्याल?"

मी माप घ्यायला त्याचा हात हातात घेतला. सोडवेना मला.

"तुम्ही हसलात म्हणून काढला हो त्याने," मी म्हणाले.

मी मोजा शिवून दिला. पुढच्या शनिवारी पर्डी तो घालून खेळला. कुणी हसलं नाही.