खऱ्या रागाची रांग

दुसरीच्या वर्गात त्या वर्षी छत्तीस मुलं होती आणि एक हातोडी. हातोडी म्हणजे सात वर्षांची, दोन वेण्यांची, समोरचे दोन दात पडलेली एक मुलगी. हे नाव तिला कुणी ठेवलं नव्हतं. पहिल्या दिवशी बाईंनी कौतुकाने विचारलं, "तुला घरी काय म्हणतात गं?" तेव्हा तिनेच सांगितलं होतं. बाईंना वाटलं, पोर गंमत करतेय. मधल्या सुट्टीपर्यंत त्यांचा गैरसमज दूर झाला.

शाळेत मारामारीची एक वही होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ती पट्टी धरून स्वतः आखली होती. तारीख, कोणी मारलं, कोणाला मारलं, कशाने मारलं, कुठे लागलं, असे पाच रकाने. एका मुलाच्या नावावर दहा नोंदी झाल्या की नाव शाळेतून कमी, हा नियम पहिल्या पानावर लाल शाईत होता. आजवर कुणाची मजल चारच्या पुढे गेली नव्हती. हातोडीने सहामाहीच्या आत नऊ केल्या. नवव्या नोंदीत 'कशाने'च्या रकान्यात 'परिसर अभ्यास, भाग एक' असं लिहिलं होतं. त्या पुस्तकाचा मुलांवर एवढा परिणाम झाल्याचं शाळेत कुणी पाहिलं नव्हतं.

"आता एकच," मोठ्या बाई म्हणाल्या. "गुरुवारी तपासणीचे साहेब येतायत. त्यांच्यासमोर हिने हात उचलला की मी पेनाचं टोपण काढलंच म्हणून समजा."

"अहो, पण मनाने चांगली आहे हो पोर."

"मनाचा रकाना नाही वहीत."

बाई हिरमुसल्या. त्यांच्या बारा वर्षांच्या नोकरीत वर्गातून एकही मूल कमी झालं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ही पोर त्यांना आवडायची. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, पण आवडायची. त्या वही घरी घेऊन गेल्या आणि भाजी निवडता निवडता नऊ नोंदी वाचून काढल्या. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं, वहीत सगळं आहे, फक्त 'का' नाही. त्यांनी पेन्सिलीने, अगदी फिकट, सहावा रकाना आखला आणि दुसऱ्या दिवशी हातोडीला शेजारी घेऊन बसल्या.

"पहिल्या बाकावरच्या चष्मिसला का मारलंस?"

"नळावर माझा नंबर होता. तो मध्ये घुसला."

"आणि त्याच्या आधी?"

"झोपाळ्यावर माझा नंबर होता."

नऊपैकी आठ वेळा कुणीतरी रांग मोडली होती. नवव्या वेळचं तिला आठवत नव्हतं. "पण असणार काहीतरी," ती म्हणाली. "मी उगाच नाही मारत."

बाईंचे सासरे जन्मभर गाद्या शिवत आले होते. संध्याकाळी बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मामंजी, एक उशी हवीय. मार खाणारी."

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सूनबाई, मारायचंय कुणाला?"

"उशीलाच. राग आला की मुलांनी माणसाला न मारता उशीला मारायचं."

"वजन किती मुलांचं?"

"वीस-बावीस किलो."

"मग दुहेरी शिवण लागेल." त्यांनी रविवारभर बसून पोत्याएवढी उशी शिवली आणि कारागीर माणूस म्हणून स्वतः तपासूनही पाहिली. धपाधप आवाज ऐकून सासूबाई आतून ओरडल्या, "कुणावरचा राग काढताय?" "कुणावरचा नाही गं!" असं म्हणून त्यांनी आणखी दोन ठेवून दिल्या.

सोमवारी वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात उशी बसली. वर पाटी लागली, 'राग कोपरा'. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. चूक पुढे झाली. कसं मारायचं ते बाईंनी करून दाखवलं. दोन हलक्या चापट्या मारायच्या असं त्यांनी ठरवलं होतं. पण पहिली चापट बसली आणि त्यांना सकाळी संपलेला गॅस आठवला. दुसरीला चुकलेली बस आठवली. तिसरीला निकालपत्रकं. अकराव्या ठोशाला अंबाडा सुटला, तेव्हा त्या थांबल्या. चेहरा असा उजळला होता, जणू महिनाभराची रजा मंजूर झाली.

मग छत्तीस हात वर.

"बाई, मला पण राग आलाय!"

"बाई, मला कालपासून आलाय!"

मंगळवारी वर्गात गणित सोडून सगळं चालू होतं. एकाला सातच्या पाढ्याचा राग आला होता. एकीला आपल्या डाव्या मोज्याचा. चष्मिसला जन्मापासून राग असा आलाच नव्हता, म्हणून तो श्वास कोंडून तोंड लाल करत बसला होता. सगळे एकदम कोपऱ्याकडे धावले आणि उशीपाशी कोण आधी यावरून खरीखुरी ढकलाढकली सुरू झाली. राग जिरवायला आणलेल्या उशीने वर्गभर राग वाटला होता. बाईंनी डोक्याला हात लावला.

तेवढ्यात एक आवाज आला, "रांग!"

हातोडी बाकावर उभी होती. मूठ वळलेली. त्या मुठीशी बहुतेकांची जुनी ओळख होती. वीस सेकंदांत अशी सरळ रांग लागली की पट्टी ठेवून बघावी.

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात नंबरांच्या चिठ्ठ्या भरल्या आणि डबा हातोडीच्या हातात दिला. "आजपासून कोपरा तुझ्या ताब्यात. इथे कुणी कुणाला मारायचं नाही. कोपऱ्याच्या प्रमुखानेसुद्धा नाही."

हातोडीने डबा छातीशी धरला आणि नाडीपरीक्षा सुरू केली. मनगट धरायचं, डोळ्यांत बघायचं, कानाची पाळी चाचपायची आणि निकाल द्यायचा.

"खोटा. जागेवर बस."

"याला राग नाही, भूक लागलीये. डबा खा."

"खरा आहे. जा, दहा मार."

तिच्या निकालावर अपील नव्हतं. या विषयात तिच्याएवढा अभ्यास वर्गात कुणाचाच नव्हता. बुधवार संपला आणि वहीत नोंद नाही. बाईंना रात्री शांत झोप लागली, ही त्यांची दुसरी चूक.

गुरुवारी साहेब आले. उंच, गुळगुळीत दाढीचे, प्रत्येक वाक्याआधी "छान" म्हणणारे. मागोमाग मोठ्या बाई, हातात वही. कोपऱ्यात पाच मुलांची रांग होती आणि रांगेच्या तोंडाशी हातोडी.

"छान. हे काय आहे?" साहेबांनी विचारलं. त्यांनी उत्तराची वाट न पाहता डबा तिच्या हातातून घेतला, हलवून पाहिला आणि झाकण उघडून उलटा केला. एक ते चाळीस नंबर जमिनीवर विखुरले.

हातोडीचे कान लाल झाले. मग मान. उजव्या हाताची मूठ वळली. तिची उंची आणि साहेबांचं पोट यांचा मेळ अगदी जमून आला होता. वर्गात टाचणी पडली असती तर तिलाही आपण पडलो याची लाज वाटली असती. टक्, असा आवाज आला. मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही. त्यांनी एक डोळा उघडला.

हातोडी चालत जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली होती. पाच जणांच्या मागे. तापलेल्या कुकरसारखी थरथरत होती, पण उभी होती.

चष्मिस रांगेत पहिला होता. तो मागे गेला, त्याने तिचं मनगट धरलं, कान पाहिला आणि ओरडला, "खरा आहे! लई मोठा आहे! हिला पुढे सोडा!"

"मी मध्ये घुसणार नाही," हातोडी दातांच्या फटीतून म्हणाली.

चष्मिसने क्षणभर विचार केला. "तू नको घुसू. आम्ही मागे जातो."

आणि पाचही जण एकामागोमाग एक तिला वळसा घालून तिच्या मागे जाऊन उभे राहिले. आता ती पहिली होती, आणि नियमही मोडला नव्हता. तिने उशीला बारा लगावल्या. भिंतीवरचा नकाशा हलला. मग परत येऊन तिने साहेबांना सांगितलं, "झालं. आता चिठ्ठ्या गोळा करू लागा."

साहेब मुकाट्याने खाली वाकले. मोठ्या बाईंनी टोपण लावलं. बाईंना त्या टोपणाची पापी घ्यावीशी वाटली.

"छान, फारच छान," साहेब उठत म्हणाले. "आणि ही तुमची वही? तीही छान. फक्त नमुना बदललाय. आता चौदा रकाने. मागच्या तीन वर्षांच्या नोंदी नव्याने उतरवून घ्या. सोमवारपर्यंत."

मोठ्या बाई हसल्या. नोकरीत अशा वेळी हसायचं असतं. पण हातोडी जवळ गेली आणि तिने सरळ त्यांचं मनगट धरलं.

"मोठ्या बाई, तुम्हाला खरा आलाय."

"काहीतरीच तुझं!"

"कान लाल झालेत. जा. दहा मारा."

मोठ्या बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "प्रात्यक्षिक का? छान, बघू की!"

मोठ्या बाईंनी पदर खोचला आणि उशीला धूळ झटकल्यासारखं केलं.

"खोटं मारताय," हातोडी म्हणाली.

मग मोठ्या बाईंनी श्वास घेतला. "चौदा!" धप्प. "रकाने!" धप्प. "तीन वर्षांचे!" धप्प. "सोमवार! पर्यंत!" मुलं मोजू लागली. पाच, सहा, सात! नवव्याला सासऱ्यांची दुहेरी शिवण, जी बावीस किलोंच्या हिशोबाने घातली होती, टर्रकन उसवली. कापूस छतापर्यंत उडाला आणि सावकाश खाली येऊ लागला. बाकांवर, वेण्यांवर, नकाशावर, साहेबांच्या "छान" म्हणायला उघडलेल्या तोंडात. छत्तीस मुलं किंचाळत कापूस झेलत सुटली. मोठ्या बाई मध्ये उभ्या होत्या, केसांत कापूस, आणि अशा हसत होत्या की नोकरीत असं हसायचं नसतं.

हसू ओसरल्यावर त्या बाकावर बसल्या आणि त्यांनी वही उघडली. नियम म्हणजे नियम. कोणी मारलं: मुख्याध्यापिका. कोणाला: उशीला. कशाने: दोन्ही हातांनी. कुठे लागलं: शिवणीवर. मग त्यांना पेन्सिलीचा फिकट रकाना दिसला. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई छताकडे पाहू लागल्या. बराच विचार करून मोठ्या बाईंनी 'का'खाली लिहिलं: 'होतं असं कधीकधी.'

पहिल्या पानावरच्या लाल नियमावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि वही मिटली.

"ही कुठे जात नाही," त्या बाईंना म्हणाल्या. "हिच्याशिवाय रांग कोण लावणार?"

बाई हातोडीच्या वेण्यांवरचा कापूस वेचू लागल्या.

दाराशी गेलेले साहेब परत फिरले. इकडेतिकडे बघत हातोडीपाशी आले आणि हळूच म्हणाले, "एक चिठ्ठी मिळेल का? मलाही वरून बरंच येत असतं."

हातोडीने त्यांचा कान पाहिला. "खरा आहे," ती म्हणाली. "पण उशी फाटलीये. उद्या या."

हे वाक्य साहेबांनी आयुष्यभर इतरांना ऐकवलं होतं. ऐकायला कसं वाटतं ते त्यांना आज कळलं.

"उद्या किती वाजता?"

"रांग असेल त्याप्रमाणे," हातोडीने डबा बंद केला. "आणि मध्ये घुसायचं नाही."