एनोकचं नाव

रबरी होडीचा तळ वाळूला घासला तशी बिबियाने ही वाटाडी बाई गुडघाभर पाण्यात उतरली आणि दोर ओढू लागली. होडीत पाहुणे लाल कोटांत फुगून बसले होते.

"एकेकानं उतरा. डोंगराकडं नको, पायाकडं बघा."

पाहुणे डोंगराकडंच बघत उतरले. तेच तर बघायला आले होते. चार वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या ह्या डोंगराची अर्धी कूस पाण्यात कोसळली, लाट उठली आणि नुउलिक गावातली खालची घरं माणसांसकट ओढून घेऊन गेली. उरलेल्यांना सरकारनं हेलिकॉप्टरात कोंबून शहरात नेलं, वरच्या घरांना कुलपं ठोकली. डोंगराची उरलेली बाजूही लटकतेय, इथं कुणी पाय ठेवायचा नाही, असा हुकूम निघाला. हुकूम इथं जन्मलेल्यांसाठी. कोपनहेगनहून शिडाचं जहाज घेऊन येणाऱ्या कप्तान प्रेबेननं मात्र त्याच हुकमाची सहल केली होती. हरवलेलं गाव, मग गावामागच्या कड्यापर्यंत चढण, मग जहाजावर गरम सूप.

"तिकडं धूर दिसतोय," मार्लीस म्हणाली. ही हॉलंडची दातांची डॉक्टर, सगळ्यात चौकस. "वरच्या हिरव्या घरातून. कोणी राहतं?"

"धुकं आहे," बिबियाने म्हणाली. मग प्रेबेनकडं वळली. "तुम्ही चढायला लागा. मी घराकडं जाऊन येते."

"जा, जा." प्रेबेननं छातीवर हात ठेवला. "आठवणी असतात माणसाच्या."

त्याच्या आठवणींवर थुंकावंसं तिला वाटलं. पण ह्या जहाजाखेरीज इथं यायला दुसरी होडी नव्हती. शहरातल्या शिकाऱ्यांनी हात वर केले होते. तुझ्या भावाला, मागं राहिलेल्या एनोकला आणायचंय? तो यायचा नाही, आणि आम्हाला मरायचं नाही.

एनोक हिरव्या घराच्या पायरीवर मासा चिरत बसला होता. दाढी छातीपर्यंत आली होती.

"आलीस, आजी?"

बिबियाने त्याची धाकटी बहीण. पण ती जन्मली तेव्हा आजी नुकतीच गेली होती. तिचं नाव हिला ठेवलं, आणि नाव आलं म्हणजे माणूस घरी परत आला, ही इथली रीत. सख्खा बाप तिला 'आई' म्हणून हाक मारायचा. आजीला आवडायचे म्हणून माशाच्या डोक्यातले गाल तिच्या ताटात पडायचे.

"काय तो कोट! बुजगावणं दिसतेस."

"जहाजाचा आहे."

"आमचं मढं दाखवायला माणसं आणलीस होय?"

"तू नाही बसलास मढ्यापाशी?"

तो हसला. दात कमी झाले होते.

"ऊठ, दादा. होडीत जागा आहे."

"हान्सीना सापडली नाही अजून."

"लाटेला चार वर्षं झाली."

"मग? संसार तीस वर्षांचा होता." त्यानं सुरीच्या टोकानं समोर दाखवलं. "तो धबधबा बघ."

बिबियानेनं पाहिलं. डोंगराच्या छातीवर उन्हाळाभर पांढरं पाणी लोंबकळायचं. तिथं आता नुसता काळा ओघळ होता.

"परवा आटला," एनोक म्हणाला. "पाणी आत चाललंय."

"आत कुठं?"

"भेगेत. अजून कुठं जाणार?"

भेगेत पाणी शिरलं की डोंगर सुटतो, हे तिलाही ठाऊक होतं. चढणीवर पाहुण्यांचे लाल ठिपके हळूहळू वर सरकत होते. तिनं जे शेवटी सांगायचं ठरवलं होतं ते आताच बाहेर काढलं.

"माझ्या लेकीला मुलगा झालाय. रविवारी बाप्तिस्मा."

"नाव?"

"तू आला नाहीस तर एनोक."

मासा त्याच्या हातात तसाच राहिला. जित्या माणसाचं नाव पोराला ठेवत नाहीत. ठेवलं तर त्याची कबर खणल्यासारखंच. बिबियाने ह्यावरून लेकीशी कडकडून भांडली होती. लेक म्हणाली होती, मामा कधीच गेलाय आई, नुसतं सांगायचं राहिलंय. तेव्हाच बिबियानेनं ठरवलं, हेच त्याच्या तोंडावर मारायचं. चिडेल. शिव्या घालील. मी मेलो का रे भडव्यांनो, म्हणत बूट चढवील आणि तरातरा होडीत येऊन बसेल.

एनोकनं सुरी विजारीला पुसली. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत गेल्या.

"कसा आहे?"

"कोण?"

"मी."

बिबियाने पायरीवर त्याच्याशेजारी टेकली.

"केस आहेत?"

"काळेभोर," ती कशीबशी म्हणाली. "रडतो फार."

"मी रडकाच होतो. तुलाच तर ठाऊक." तो आजीशी बोलत होता. "आंघोळीचं पाणी कोमट ठेवा. कढत मला सोसत नाही."

"अरे गाढवा, तू चिडावास म्हणून सांगितलं मी!"

"कशाला चिडू? घरी पोचलो की मी. इतके दिवस जीव दोन्हीकडं ओढायचा. आता इथं हान्सीनापाशी निवांत बसतो."

तिनं त्याचा दंड धरून ओढला. तो हलला नाही. तेवढ्यात समोर गाडाभर दगड ओतल्यासारखा आवाज झाला. डोंगरावर करडी धूळ उडाली. थोड्या वेळानं पाणी किनाऱ्याला चढलं, त्यानं रिकामी होडी अलगद उचलली आणि खाली ठेवली.

"जा आता. त्या शहाण्यांना घेऊन जा," एनोक म्हणाला. "इथं मेले तर त्यांची नावं पोरांना कोण ठेवणार?"

ती पळाली. चढणीच्या पायथ्यापासूनच ओरडायला लागली.

"खाली या! सगळे!"

"कडा अजून बाकी आहे," प्रेबेन वरून म्हणाला. "पाहुण्यांना काय सांगू?"

"सांग, चढायची गरज नाही. डोंगरच खाली यायला निघालाय."

तिच्या तोंडाकडं पाहून तो गुमान उतरला. मार्लीसच्या हातात मोडक्या भिंतीतून उचललेला लहान मुलाचा बूट होता. बिबियानेनं तो काढून घेतला आणि होता तिथं ठेवला.

जहाज वळून खाडीच्या तोंडाकडं लागलं तेव्हा पाहुणे खाली सूप पीत होते. प्रेबेन सुकाणूपाशी उभा होता.

"तो धूरच होता ना? कोणी असेल तर पोलिसांना कळवावं लागेल मला."

"आणि तू तिथं कसा गेलास, तेही कळवशील?"

प्रेबेननं सुकाणू जरासं फिरवलं. मग समजूत घालावी तसा म्हणाला, "तुझा थोरला भाऊ त्याच गावात राहायचा ना?"

"राहायचा. आता माझ्या लेकीकडं असतो."

"काय करतो?"

"दूध पितो. झोपतो. मधूनच रडतो."

प्रेबेन मोठ्यानं हसला. "म्हातारपण असावं तर असं!"

बिबियाने हसली नाही. तिनं शिडाचा दोर दोन्ही हातांनी धरला, आणि शीड वाऱ्यानं भरल्यावरही ओढतच राहिली.