झाडाखालचे थांबे

"हा बघ, आता थांबा येईल... गेला! दिसला तुला?"

काकांनी करकचून ब्रेक दाबला. पडद्यावरची बस थांब्याच्या बरीच पुढे जाऊन उभी राहिली. मागे तीन-चार माणसं हात वर करून तशीच उभी होती.

"मला दिसला," मी म्हणाले.

"मला नाही दिसला. म्हणजे कार्ड गेलं."

कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. तक्रार ऐकली की दुखणं कुठे असेल याचा अंदाज येतो. पण ही तक्रार चमत्कारिक होती. काका निवृत्त बस ड्रायव्हर. बस चालवायचा खेळ खेळायचे. टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग, पायाशी ब्रेक, सगळा थाट. फोनवर म्हणाले होते, "अडकत नाही, तापत नाही, बंद पडत नाही. फक्त थांबे खातं. नवं ग्राफिक्स कार्ड घेऊनच ये."

मी नव्या कार्डाचं खोकं बाजूला ठेवलं आणि आधी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. जुनं कार्ड सात वर्षांचं, पण आत धुळीचा कण नाही.

"रोज पुसतात," शेजारी भाजी निवडत बसलेल्या काकू म्हणाल्या. "छताचा पंखा मात्र मी पुसायचा. आणि घरबसल्या दिवसाला शंभर माणसं नेऊन सोडतात, पण कोपऱ्यावरून एक जुडी आणायची म्हटलं की पाय दुखतात."

"ती जुडी तिकीट काढत नाही," काका म्हणाले.

मी चाचण्या लावल्या. चित्र सेकंदाला साठ वेळा बदलत होतं, कुठे अडखळत नव्हतं. कार्ड ठणठणीत. मग थांबे कोण खातंय? आता मलाच चैन पडेना. "काका, पुन्हा चालवा," म्हटलं आणि वही घेऊन बसले.

आठ थांबे झाले. पाच त्यांनी घेतले, तेही असे हळुवार की उभ्या माणसाचा तोल जाऊ नये. तीन हुकले. तिन्ही झाडाखालचे. उन्हातला एकही हुकला नव्हता.

पडदाच काळवंडला असेल म्हणून मी उजेड वाढवला. केबल बदलली. फरक नाही. मग काकांच्या डावीकडून हात पुढे करून म्हणाले, "काका, हा स्क्रूड्रायव्हर धरा जरा."

ते समोर बघत राहिले.

"काका, धरा ना."

"दे की. कुठाय?"

माझा हात त्यांच्या खांद्याजवळच होता. काकूंनी भाजी निवडायची थांबवली.

"सांगा आता तिला," त्या म्हणाल्या.

काकांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "काचबिंदू आहे. बाजूचं कडेकडेनं जात चाललंय. सावलीत तर काहीच उमगत नाही. एकतीस वर्षं गाडी चालवली, पोरी, एक ओरखडा नाही. मग डोळ्यांच्या तपासणीत अडकलो. शेवटची दोन वर्षं चौकशीच्या खिडकीत बसवलं. शेवटची फेरी शेवटची आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं. नाहीतर जरा सावकाश मारली असती."

"मग कार्ड कशाला मागवलंत?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, डोळ्यांचं गेलं ते परत येत नाही. म्हटलं, कार्डाचं तरी येईल."

मी खोक्याकडे पाहिलं. कार्ड उत्तम होतं, आणि बसवून दिलं असतं तर काका खूशही झाले असते, निदान दोन दिवस. पण नवं कार्ड करतं काय? झाडाचं पान न् पान दाखवतं, सावली आणखी गडद पाडतं, ओल्या रस्त्यावर दिव्यांची चमक आणतं. काकांचे थांबे त्यात अजूनच खोल बुडाले असते.

"काका, आपण उलटं जाऊ या का?" मी म्हटलं. "असलेलं कमी करू."

खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन मी सावल्या बंद केल्या. चमक काढली, धुकं काढलं. पडदा हातभर मागे सरकवला, म्हणजे अख्खा रस्ता त्यांच्या उरलेल्या नजरेत मावेल. पानं काढायला लागले तसे काका म्हणाले, "झाडं ठेव थोडी. रस्ता अगदी बोडका नको."

झाडं ठेवली, विरळ. चित्र आता लहान मुलाच्या चित्रकलेच्या वहीसारखं दिसत होतं. माझ्यासारखीला ते बघवेना.

काकांनी बस काढली. पहिला थांबा. बस रेषेला येऊन उभी राहिली. दुसरा झाडाखालचा, तिथेही राहिली. मग ते एकदम पुढे वाकले. "ए, ते पिवळं काय आहे?"

"शाळा."

"शाळा? इथे? वर्षभर जातोय मी इथून!" त्यांनी वेग कमी केला. "आणि तो बाक? तोही आधीपासून होता?"

"होता."

"अगं, ऐकलंस का? इथे शाळा आहे!"

"ऐकलं," काकू म्हणाल्या. भाजीचं ताट खाली ठेवून त्या उठल्या आणि त्यांच्या खुर्चीमागे जाऊन पडद्यात बघू लागल्या. "आणि त्या पुढे काय आहे?"

"बघू ना. जाऊ सावकाश."

मी नव्या कार्डाचं खोकं उचलून पिशवीत टाकलं. दोघांचंही लक्ष नव्हतं. मी चपला घालत होते, तेवढ्यात काकूंनी घड्याळाकडे पाहिलं आणि फ्रिजमधून एक छोटी बाटली आणली.

"थेंबांची वेळ झाली."

"थांबा येऊ दे."

थांबा आला. काकांनी बस लावली, दार उघडलं आणि मान मागे टाकली. काकूंनी एका हातानं त्यांची पापणी वर धरली. एक थेंब या डोळ्यात, एक त्या. मग पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं होतं.

माणसं एकेक करून चढत होती. इंजिन चालू होतं. काका डोळे मिटून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, ताठ बसले होते.