कोऱ्या चहातली करणी

"काळा पडला! अवो, पडला की काळा!"

मिरजगावच्या हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये शंभर-दीडशे माणसांनी एकदम माना पुढे काढल्या. मागचे पुढच्यांच्या खांद्यावर चढले आणि एका म्हाताऱ्याचं पागोटं कुणाच्या तरी मांडीवर जाऊन पडलं. काचेच्या ग्लासात घटकाभरापूर्वी लालबुंद दिसणारा कोरा चहा कोरेबाबांनी औदुंबराच्या काडीनं तीनदा ढवळला होता, आणि बघता बघता त्याचं पार काजळ झालं होतं. ग्लास धरून बसलेल्या रंगुबाईंनी तो झटकन अंगापासून लांब धरला.

"काजळी!" बाबा गरजले. "माऊली, ही तुज्या सुनंच्या रक्तातली काजळी हाय. करणी! लई जवळच्या मानसानं केलीया. नाव दोन अक्षरी हाय. न्हाईतर तीन. फार तर चार."

एवढ्या बारीक माहितीवर रंगुबाईंच्या डोळ्यांपुढे सगळी भावकी ओळीनं उभी राहिली. त्यातली एक जाऊ तर तिथंच शेजारी बसली होती, ती हळूच दोन हात मागे सरकली.

मग बाबांनी लिंबू कापलं, डोळे गरागरा फिरवले, तोंडातल्या तोंडात काहीबाही पुटपुटले आणि लिंबू ग्लासात पिळलं. काळा चहा हळूहळू निवळला आणि पुन्हा लालसर पिवळा झाला. टाळ्यांनी पत्रा दणाणला.

हे सगळं कारभारी तात्या मागे किटली घेऊन उभे राहून बघत होते. रंगुबाई त्यांची बायको, आणि चहासुद्धा त्यांच्याच हॉटेलातला. तीच तर बाबांची हुशारी होती. "चहा तुमचा, ग्लास तुमचा, काडी तेवढी देवाची," असं ते दर गुरुवारी म्हणायचे. आता मिरजगावात तात्यांच्या चहावर शंका घेणारा माणूस अजून जन्माला यायचाय! तीस वर्षं ते चुलीपुढे उभे होते. त्यामुळे चहात काही घातलंय असं कुणी म्हणूच शकत नव्हतं.

"बाबा, दुधाचा चहा चालंल का?" तात्यांनी एकदा विचारलं होतं.

"दुधाचा चहा तामसी," बाबा म्हणाले होते. "कॉफी परदेशी. अन् तो ग्रीन टी तर निव्वळ नास्तिक! देवाला कोराच लागतो."

खरं कारण वेगळंच होतं. दुधात काळं नीट उठून दिसत नाही आणि कॉफी तर मुळातच काळी. पण देवाच्या आवडीनिवडी विचारायच्या कुणी?

तात्यांच्या घरावर आलेली वेळ मात्र थट्टेची नव्हती. सून ज्ञानेश्वरीला सातवा महिना लागला होता आणि तिचं रक्त आठाच्या वर सरकत नव्हतं. उपकेंद्राच्या दमयंती सिस्टरनी तीन महिने तांबड्या गोळ्या दिल्या होत्या. पोरीनं एक दिवस चुकवला नव्हता. तरी आकडा हलेना. सिस्टर म्हणाल्या होत्या, "महिन्याभरात वाढलं नाही तर नगरला न्यावं लागेल, रक्त चढवावं लागेल. बाळंतपणात जास्त रक्त गेलं तर जिवावर बेतेल हो तिच्या."

आणि बाबा म्हणाले, "त्या तांबड्या गोळ्यातच घात हाय. गोळ्या खायला लागल्यापासनं पोरीच्या पोटातनं काळं जातंय का न्हाई?"

जात होतं! बाबांना हे कळलं कसं, म्हणून रंगुबाई गारच पडल्या. त्या गोळ्या खाणाऱ्या प्रत्येक बाईला तसंच होतं, हे सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण सरकारी बाईचं साधं बोलणं कोण ध्यानात ठेवतो? डोळे फिरवून सांगितलं की खरं वाटतं. गोळ्यांची पाकिटं डाळीच्या डब्यामागे गेली आणि ज्ञानेश्वरीवर उतारा म्हणून बाबांचा पाच गुरुवारचा कोरा चहा सुरू झाला.

तात्यांचंही मन दोन्हीकडे होतं. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं?

सोमवारी सकाळी ज्ञानेश्वरी हॉटेलात दुधाचं कॅन घेऊन आली आणि दोनच पायऱ्या चढून बाकड्यावर बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मामा, चक्कर येतीया ओ," ती म्हणाली. "आत्या गोळी घेऊ देत न्हाईत. तुमी तरी सांगा ना त्यास्नी. मला लई भ्या वाटतंय."

ही पोर घरात आल्यापासून त्यांना लेकीची उणीव जाणवली नव्हती. ते तिच्यासाठी चहा गाळायला वळले, आणि हातातल्या पळीकडे बघता बघता तिथंच थबकले.

कोरा चहा काळा पडलेला आपण आधीही पाहिलाय की!

दोन वर्षांपूर्वी त्यांची पळी मोडली होती. गिऱ्हाईक तटलेलं, म्हणून त्यांनी अडगळीतला गंजका लोखंडी डाव घासून-बिसून आधणात घातला. घटकाभरात पातेलंभर चहा काळाकुट्ट. एक ट्रकवाला म्हणाला होता, "तात्या, ह्यो चहा हाय का शाई?" सगळं पातेलं गटारीत ओतावं लागलं. तेव्हा रंगुबाईच म्हणाल्या होत्या, "गंज उतरला आसंल, दुसरं काय!" त्या वेळी बाबा गावात नव्हते, म्हणून प्रकरण गंजावरच भागलं.

"लोखंड!" तात्या मोठ्यानं म्हणाले.

"काय झालं मामा?"

"काय न्हाई. तू आधी पोटभर खा. आन् बस गुमान."

बुधवारी बाबांचा चेला सहादेव नेहमीसारखा भजी खायला आला. देवाचा माणूस, त्याला हॉटेलात सगळं फुकट. तात्यांनी त्याच्यापुढे कांदाभज्यांची परात ठेवली, वर तळलेल्या मिरच्या रचल्या आणि म्हणाले, "खा म्हाराज, सावकाश खा. झोळी द्या इकडं, तेलकट हुईल." सहादेवच्या तोंडात तेव्हा दोन भजी होती. त्यानं नुसती मान हलवली.

तात्या झोळी घेऊन आत गेले. आत काड्यांच्या दोन जुड्या होत्या. एक तांबड्या दोऱ्यात, एक पांढऱ्या. काड्या दिसायला सारख्याच. तात्यांनी दोन ग्लास कोरा चहा ओतला. पांढऱ्या जुडीतल्या काडीनं ढवळला, काही नाही. तांबड्या जुडीतल्या काडीनं ढवळला मात्र, चहाची शाई!

तात्या पोट धरून हसले. तीस वर्षं चहा उकळणाऱ्या माणसाला ह्या बाबानं चहातच फसवावं? मग त्यांनी शांतपणे दोन्ही दोरे सोडले, तांबड्याच्या जागी पांढरा आणि पांढऱ्याच्या जागी तांबडा बांधला, आणि झोळी सहादेवच्या गळ्यात अडकवली. तिथून ते तडक उपकेंद्रात गेले आणि दमयंती सिस्टरना सगळं सांगून आले.

गुरुवारी शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. रंगुबाई ज्ञानेश्वरीला घेऊन पुढेच बसल्या होत्या. बाबांनी आधी रिवाजाप्रमाणे आपला ग्लास पुढे धरला. "आधी माजा चहा बघा. ज्याचं मन निर्मळ, त्याचा चहा लाल!" पांढऱ्या दोऱ्याची काडी काढून त्यांनी डौलात तीनदा फिरवली.

चहा काळाठिक्कर पडला.

तेवढ्यात रंगुबाईंचा कळवळून आलेला आवाज घुमला. "अगं बया! बाबालाच कुनी केली गं?" आणि त्यांनी पदरचं लिंबू काढून, दातानं फोडून सरळ बाबांच्या टाळक्यावर पिळलं. बिचारीचा हेतू चांगला होता. रस बाबांच्या डोळ्यांत गेला, आणि डोळे पहिल्यांदाच खरोखर फिरले.

पण बाबा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. डोळे चोळत तो ओरडला, "तुमची करणी म्या माज्या अंगावर घेतली! बघा, आता कुनाचाच चहा काळा पडनार न्हाई!" त्यानं रंगुबाईंच्या ग्लासात तांबड्या दोऱ्याची काडी फिरवली. चहा लालच राहिला. शेडमध्ये जयजयकार झाला.

आली का पंचाईत! तात्यांनी कपाळावर हात मारला. चहा काळा पडला तरी बाबा खरा, नाही पडला तरी बाबाच खरा. अशा माणसाला हरवायचं कसं?

ते किटली घेऊन सरळ पुढे गेले, बाबांच्या हातची पांढऱ्या दोऱ्याची जुडी हिसकावली, अख्खीच्या अख्खी किटलीत कोंबली आणि खडाखडा ढवळली. मग एक ग्लास ओतला. डांबर!

"सांगा," तात्या म्हणाले, "ह्या किटलीवर कुनी करणी केली? हिला तर भावकीबी न्हाई!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. तात्यांनी जुड्यांचे दोरे आपण कसे बदलले ते सांगितलं. मग बायकोकडे वळले. "रंगू, त्यो गंजका डाव आठव. तवा तूच काय म्हनली हुतीस?"

रंगुबाईंनी आ वासला. "गंज उतरला... म्हनले हुते."

सहादेवला आता दारच दिसत होतं, पण दारात दमयंती सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काड्या कशात भिजवता? खरं बोल, नाहीतर जादूटोण्याचा कायदा आहे, पोलिसांना फोन लावते."

"हिराकशीच्या पान्यात, बाई," सहादेव रडवेला होऊन म्हणाला. "भिजवून वाळवतो. म्या नुसता वाळवतो ओ, भिजवतात त्ये बाबा!"

सिस्टर पुढे आल्या. पर्समधून त्यांनी एक तांबडी गोळी काढली, कागदात ठेचली, थोड्या पाण्यात कालवली आणि कोऱ्या चहात ओतली. चहा काळा पडला.

"बघा!" कोपऱ्यातून एक जण ओरडला. "बाबा खरंच म्हनत हुते, गोळीतच करणी हाय!"

"अहो, गोळीत लोखंड आहे!" सिस्टर कडाडल्या. "रक्त वाढायला जे लागतं तेच. हिराकशीतही लोखंडच. आणि चहा जिभेला तुरट लागतो ना? तो तुरटपणा लोखंडाला घट्ट धरतो, त्याची होते शाई. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई अशीच करायचे. लिंबाच्या आंबटानं ती पकड सुटते, म्हणून चहा निवळतो. ह्यात देवही नाही, भूतही नाही." मग त्या ज्ञानेश्वरीजवळ बसल्या. "तू गोळी घेत होतीस ना गं रोज? कशाबरोबर?"

ज्ञानेश्वरी बावरली. "चहासंगं. मामा रोज सकाळी इस्पेशल करून देत्यात. गोळीची चव जाती म्हनून."

सिस्टरनी तो काळा ग्लास उचलला आणि तात्यांच्या हातात दिला.

तात्या ग्लासाकडे बघत राहिले. तीन महिने, रोज सकाळी, आलं ठेचून, वेलदोडा घालून, मायेनं उकळलेला चहा. गोळीतलं लोखंड पोरीच्या रक्तात जायच्या आधी पोटातच अडवून ठेवणारा. गावभर दोन अक्षरी, तीन अक्षरी नावं शोधली, आणि काम करणारा हात आपलाच निघाला. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"पोरी, माज्याच हातनं झालं गं," ते म्हणाले.

"तात्या, तुम्हाला माहीत नव्हतं," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "आणि मीही कधी विचारलं नाही, गोळी कशाबरोबर घेतेस म्हणून. चूक माझीही आहे. चहा काही विष नाही. गोळीच्या आधी-नंतर दोन तास तेवढा नको, कॉफीही नको, दूधही नको. लिंबूपाण्याबरोबर घे. बाबांचं लिंबू ग्लासात वाया जात होतं, ते तुझ्या पोटात कामाला येईल. आणि ह्या दिवसांत चहा दिवसाला दोन कप, बास."

ह्या गडबडीत बाबा मागचा पत्रा उचकटून पसार झाले. खडावा मागेच राहिल्या. सहादेवनं तेवढ्यात उरलेली भजी मागून बघितली, ती काही मिळाली नाहीत.

पाच आठवड्यांनी ज्ञानेश्वरीचं रक्त नऊ पॉइंट सहा भरलं. नगरला न्यावं लागलं नाही. नात झाली तेव्हा तात्यांनी दिवसभर हॉटेलात फुकट चहा वाटला, पण जो कुणी खिशातून गोळी काढेल त्याच्यापुढचा कप उचलून ते आधी पाण्याचा तांब्या ठेवत. अजूनही ठेवतात. गिऱ्हाईक चिडलं तर गल्ल्याशेजारच्या बरणीतली औदुंबराची काडी काढतात, कोऱ्या चहात फिरवून दाखवतात, आणि मग सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगतात. चार घोट घेऊन जाणारा माणूस तासभर अडकतो.

डोळ्यांनी पाहिलं म्हणजे खरं, असं नसतं. आपण काय पाहिलं ते खरं असेलही, पण ते कशानं झालं हे विचारायचं राहून जातं, आणि त्या राहून गेलेल्या प्रश्नावर असले बाबा जेवतात. विचारायला काय लागतं? तात्यांना एक जुना डाव आठवला, एवढंच.

आताशा कुणाच्या घरात दुखणं आलं आणि करणीची कुजबुज सुरू झाली, की रंगुबाईच मध्ये तोंड घालतात. नातीला मांडीवर थोपटत म्हणतात, "चहा काळा पडला तर आधी पळी बगावी बाई. भावकी कुटं पळून जाती व्हय?"